पावडरीचे उरलेले डबे

बायकोच्या पोटातली नळी निघाली त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यातच पेढ्यांचा पुडा सोडला. जेमतेम दोन नर्सना दिले होते, तेवढ्यात डॉक्टरांनी मला परत आत, तिच्याजवळ बोलावलं. "नळी काढली आहे, पण आता सगळं तोंडानं जायला पाहिजे," ते म्हणाले. "पुढच्या तपासणीला वजन उतरलेलं दिसलं, तर नळी परत घालावी लागेल." झालं, आनंदावर विरजण पडलं. पुडा खिशात कोंबला आणि रिक्षात तोंड पाडून बसलो. ती मात्र मजेत बाहेर बघत होती. मध्येच म्हणाली, "पेढं कुठं हाईत?" मी पुडा पुढं केला. तिनं एक पेढा उचलला, नाकाशी नेऊन बराच वेळ हुंगला आणि परत ठेवून दिला.

तिच्या अन्ननलिकेत गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं आणि त्यानंतर कितीतरी दिवस तिच्या तोंडात काही गेलं नाही. जे काही जायचं ते पोटात घातलेल्या नळीतनं, आणि ते म्हणजे पावडर. दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी लिहून दिलेली, पत्र्याच्या डब्यात मिळणारी. ती उकळून गार केलेल्या पाण्यात कालवायची, गुठळ्या मोडायच्या, गाळायची आणि मोठ्या सिरिंजनं अगदी सावकाश नळीत सोडायची. हे सगळं मी केलं. जन्मात कधी चहा टाकला नव्हता, त्या माणसानं केलं. शिरोलीच्या एका फौंड्रीत मी आयुष्यभर कास्टिंग, म्हणजे ओतलेला माल, तपासत आलो. माल हातात घेतला की सांगायचो, हा भरीव आहे, हा आत पोकळ आहे, आणि चुकायचो नाही. पावडरीचा चमचाही मी तसाच घ्यायचो, सुरीनं सपाट करून, वर ढीग नाही आणि कडेला खड्डा नाही. मला ते काम आवडायला लागलं होतं. हाताला काम असलं की डोक्यात नको ते येत नाही.

पावडर घरात जास्त झाली ती माझ्याच भीतीपायी. मेडिकलमध्ये ती कधी असायची, कधी नसायची. एकदा संपली आणि तिसऱ्या दुकानातही नाही म्हणाले, तेव्हा मी सगळं कोल्हापूर पालथं घातलं आणि शेवटी पन्हाळ्याच्या पावण्याला सांगून तिकडनं एक डबा आणवला. त्यानंतर ठरवलं, दिसला डबा की उचलायचा. उचलत गेलो आणि नळी निघाली अंदाजापेक्षा आधी. घरात राहिलं ते सीलबंद डब्यांनी भरलेलं खोकं आणि एक अर्धा वापरलेला डबा.

घरी आल्या आल्या तिची नजर त्या खोक्यावरच गेली. अजून पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

"पयलं हे घराभाईर काढा," ती म्हणाली.

"तपासणी होऊ दे. मग बघू."

"तपासणीला काय हुतंय?"

डॉक्टरांचं बोलणं तिनंही ऐकलं होतं. ती भिंतीला धरून खुर्चीत बसली आणि म्हणाली, "म्हंजे तुमी नळीची वाट बघाय लागलाय."

मला ते लागलं. वाट कशाला बघेन मी? पण समजा, उद्या परत नळी घालायची म्हणाले आणि बाजारात पावडर नसली, तर काय करायचं? परत गावभर बोंबलत फिरायचं? असं मी तिला म्हणालो, जरा मोठ्यानंच म्हणालो. आमच्याकडं हळू बोलायची पद्धत नाही. तीही काही कमी नाही. "ते डोळ्याम्होरं हाईत तवर मला घास गिळत न्हाय," म्हणाली. "डबा दिसला की पोट आपसूक भरतंय."

मग मी खोकं हलवायला लागलो. कपाटावर ठेवलं, तिथं ते पलंगावर पडल्या पडल्या तिला दिसायचं. पलंगाखाली सारलं, तर म्हणाली की पाठीला टोचल्यासारखं वाटतंय. देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवायला गेलो, तर तिथनं तिनं मला हाकलूनच लावलं. जिन्याखाली, न्हाणीच्या वर, गॅसच्या शेजारी, कुठंही ठेवा, तिला ते सापडायचं. मला एका जागी बसवत नव्हतं. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं. ती जेवायला बसली की मी दारात उभा. मऊ भात, वर दही, बारीक घास. दोन घास झाले की ताट सारायची. मी म्हणायचो, एकच अजून. ती म्हणायची, "माझ्या त्वांडाकडं बघू नगा. म्हशीला बी कुणी असं बघत न्हाय." वजनकाटा आणला होता मी. तिनं त्यावर पाय ठेवायला साफ नकार दिला. रोज सकाळी तो काटा भिंतीला टेकून उभा असायचा आणि मी त्याच्याकडं बघत फेऱ्या मारायचो.

एकदा मी शहाणपणा केला. उघड्या डब्यातली पावडर गुपचूप तिच्या ताकात कालवली. पावडरच तर आहे, अंगाला लागेल, असा हिशेब. तिनं पेला ओठाला लावायच्या आधीच खाली ठेवला.

"ताकात आइस्क्रीम कुणी घातलंय?"

मला कसं कळणार? त्या पावडरीला व्हॅनिलाचा वास असतो, हे मला त्या दिवशी कळलं. फौंड्रीच्या धुरानं माझं नाक केव्हाच गेलंय. घरात दूध करपलं तरी मला पत्ता नसतो. एवढे महिने रोज ती पावडर कालवली आणि तिचा वास कसला होता हे ठाऊक नाही. ती म्हणाली, "नळीतनं जात हुती तवाबी ढेकरंला तोच वास यायचा मला. आता त्वांडानं नको." मी ताक मोरीत ओतलं.

शेवटी आमच्यात तह झाला. निम्मे तरी डबे काढायचे. मी निम्मे पिशवीत घालून मेडिकलमध्ये गेलो. मेडिकलवाल्यानं हात जोडले. "काका, घरी गेलेला डबा परत घेता येत नाही. तुम्ही तो कुठं ठेवलाय, उन्हात का गॅसशेजारी, मला काय माहीत?" मी भांडलो, पण त्याचं बरोबर होतं. गॅसशेजारी ठेवलाच होता मी. पिशवी परत घरी.

आणि तिथं माझी नजर फडताळावर गेली. तिथं गल्लीतल्या बायकांचे स्टीलचे डबे चढले होते, एकावर एक. आजारपणात ज्यानं त्यानं दवाखान्यात माझ्यासाठी भाकरी-भाजी पाठवली होती. डबे घासून ठेवलेले, पण परत गेलेले नव्हते. कारण आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. काहीतरी घालून द्यायचं, नाहीतर चिमूटभर साखर तरी. बायको अंथरुणात, घालून देणार कोण? म्हणून ते तसेच राहिले होते आणि तिला त्याची रुखरुख होती. मी म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. साखर काय, कोणीही घालतं. ही पावडर अंगात ताकद आणणारी. ती झोपली होती तेवढ्यात मी दोन सीलबंद डबे उघडले, स्टीलच्या डब्यांत पावडर सपाट भरली आणि गल्लीभर वाटून आलो. कुणी विचारलं तर सांगितलं, दुधात घालून घ्या, भारी असतंय. स्वतःवरच खूष होऊन मी बसून चहा प्यालो. किती दिवसांनी बसून प्यालो.

दोन दिवसांनी समोरच्या काकी भिंतीला धरत धरत आमच्या दारात आल्या. डोकं गरगरतंय म्हणाल्या. मी दिलेल्या पावडरीची त्यांनी खीर केली होती, वर साखर घातली होती आणि दोन्ही वेळ चापली होती. काकींना मधुमेह आहे.

"मला काय म्हाईत तुमाला साखर हाय?" मी म्हणालो.

"सगळ्या गल्लीला म्हाईत हाय. तुमालाच तेवढं न्हाय," काकी म्हणाल्या आणि आमच्या पायरीवर बसल्या.

आतनं बायको उठून आली. काय घडलंय ते तिला एका मिनिटात कळलं. तिनं आधी काकींना दवाखान्यात पाठवलं आणि मग आहाराच्या मॅडमना फोन लावला. मॅडमनी स्पष्ट सांगितलं. ही लिहून दिलेली पावडर आहे, खाऊ नाही. साखरेच्या माणसाला वेगळी लागते, किडनीच्या माणसाला वेगळी. उघडलेला डबा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. सीलबंद असला, तारखेत असला आणि त्या पेशंटला त्याच्या डॉक्टरांनी हीच पावडर सांगितलेली असली, तरच द्यायचा. बायकोनं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या नजरेपुढं मी अजून उभा राहू शकत नाही.

"सगळ्यांच्या घरात जावा आणि ते परत आणा," ती म्हणाली.

दिलेलं परत मागायला गेलो मी, दारोदार. काय सांगू ती गोष्ट. गवळ्याच्या घरात गेलो तर त्याची बायको खुशाल म्हणाली, "ते व्हय? म्हशीच्या आंबोणात घातलं की. आजारी माणसाच्या घरातलं, प्वारास्नी कसं घालायचं?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. आमचं घर आता आजारी माणसाचं घर होतं. मी तिला म्हणालो, म्हशीनं कुरकुर केली न्हाय न्हवं? ती म्हणाली, न्हाय, चाटून खाल्लं. बाकीच्यांनी जे उरलं होतं ते दिलं. तेही मी मग गवळ्याकडंच नेऊन टाकलं.

काकींची साखर दोन दिवसांत उतरली. पण सगळे स्टीलचे डबे परत आमच्याच ओट्यावर आले होते, आणि आता तर ते नुसते चिमूटभर साखर घालून जाण्यातले राहिले नव्हते. बायको स्वयंपाकघरात आली. आजारपणानंतर पहिल्यांदा तिनं पदर खोचलेला मी बघितला. म्हणाली, "चुरमुरं आणा. भडंग करते." मी म्हणालो, बस तू, मी करतो. तिनं ऐकलंच नाही. मोठी कढई, तेल, लसूण, शेंगदाणे. मग चटणीची बरणी खाली काढायला लावली. आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसणाची, उन्हाळ्यात वर्षाची करून ठेवायची. बरणीच्या तळाला गेल्या वर्षीची थोडी राहिली होती, ती तिनं चमच्यानं खरवडून कढईत टाकली. परतता परतता एक चुरमुरा जिभेवर ठेवला, विरघळेपर्यंत तसाच ठेवला आणि डोळे मिटले.

"मीठ कमी हाय," म्हणाली.

मी दारात उभा होतो. तिनं अजून एक चुरमुरा तोंडात टाकला, मग अजून एक. मी तोंड उघडणार होतो, अजून एक घे म्हणून, पण अक्कल आली आणि गप्प बसलो. डबे भरले गेले, या खेपेला ती स्वतः देऊन आली, समोरासमोरच्या चार घरांपर्यंत, पुढचे मी दिले. रिकामी बरणी तिनं धुऊन उन्हात पालथी घातली. म्हणाली, "चटणी संपली. औंदा कुणी करायची?" मी म्हणालो, विकतची आणू. ती नुसती हसली. आमच्या घरात विकतची चटणी आणणं म्हणजे काय, ते मलाही माहीत आहे.

त्याच आठवड्यात मॅडमचा फोन आला. हुपरीचा एक माणूस आहे, चांदीचं काम करणारा, त्याला नळी घातली आहे आणि नेमकी हीच पावडर सांगितली आहे. बाजारात परत तुटवडा आहे. तुमचे सीलबंद डबे आहेत का? फोन बायकोनं घेतला होता. ती म्हणाली, "हाईत की. सगळे हाईत. पाठवून द्या त्यांच्या माणसाला."

मी चवताळलो. तपासणी तोंडावर आली आहे, बाजारात पावडर नाही असं त्याच मॅडम सांगतायत, आणि ही सगळे डबे द्यायला निघाली आहे. मी म्हणालो, तपासणी होऊ दे. ती म्हणाली, त्या माणसाला आज लागतंय. मी म्हणालो, आणि तुला लागलं तर? ती म्हणाली, "मला न्हाय लागायचं." कशावरून? काट्यावर तर पाय ठेवत नव्हती. मला खरंच रडायला आलं होतं, पण मी ओरडलो. घाबरलो की मला ओरडायचंच सुचतं.

दुसऱ्या दिवशी हुपरीहून एसटीनं त्या माणसाची बायको येणार होती. सकाळी मी खोक्यातला एक डबा काढून माझ्या पेटीत लपवला. कंपनीची पत्र्याची पेटी, आत माझे सेफ्टी शूज, हेल्मेट, मापं. त्या पेटीला घरात कोणी हात लावत नाही. एक डबा. निदान नळी घालतील तो दिवस तरी निघेल, तोवर मी दुसरीकडनं आणीन.

ती बाई आली. घरीच पैंजण घडवतात म्हणाली. बोटांची टोकं काळी पडलेली, डोळे जागरणानं आत गेलेले. माझ्या बायकोला आधी नीट बघून घेतलं तिनं, वरपासनं खालपर्यंत, आणि विचारलं, "तुमाला खरंच नळी हुती, वैनी?" बायकोनं पदर बाजूला करून पोटावरचा व्रण दाखवला. ती बाई त्या व्रणाकडं बघत राहिली आणि रडायला लागली. म्हणाली, "आमच्या ह्यांची बी निघंल मग." मला तिथं उभं राहवेना. मी चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत गेलो, सुपारी घेतली आणि उगीचच पानवाल्याशी बोलत थांबलो. परत आलो तेव्हा ती गेली होती आणि खोकंही गेलं होतं. खोक्याची जागा झाडून घेतलेली.

त्यानंतर रोज सकाळी ती न्हाणीत गेली की मी पेटी उघडायचो आणि डबा हातात घ्यायचो. भरलेला आहे, भरीव. तेवढ्यानं माझा दिवस निघायचा. झाकण उघडून खालचं सील बघायची गरज मला कधीच वाटली नाही. हातात वजन घेतलं की आतलं कळतं, आयुष्यभर त्याच जोरावर भाकरी खाल्ली आहे.

मध्ये फौंड्रीतनं बोलावणं आलं. नवीन पोरांना माल तपासायला शिकवायचा होता. मी नाही म्हणत होतो, हिनंच ढकललं. "जावा. माझ्या डोस्क्यावर बसून माझं वजन वाढत न्हाय." दोन दिवस शिरोलीला गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा तिच्या पदराला लाल डाग होता आणि आवाज बसला होता. मी म्हणालो, हे काय? म्हणाली, कुंकू सांडलं. काकी पायरीवर बसून नाक पुसत होत्या, म्हणाल्या, सर्दी झालीय. मला शंका यायला पाहिजे होती. आली नाही. माझं सगळं लक्ष तपासणीकडं.

तपासणीच्या दिवशी मी पेटीतला डबा कापडी पिशवीत घातला. नळी घालायचीच झाली तर पहिली पावडर हाताशी असावी. बायकोनं बघितलं. तोंडाला पदर लावून बाहेर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, घाबरली. मीही घाबरलो होतो. रिक्षात मी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

दवाखान्यातल्या काट्याला ती नाही म्हणू शकली नाही. चपला काढून वर चढली. मॅडमनी आकडा लिहिला आणि डॉक्टरांच्या पुढं सरकवला. वजन उतरलं नव्हतं. थोडं भरलं होतं, पण डॉक्टरांना हवं होतं तेवढं नाही. डॉक्टर जुने कागद चाळायला लागले. एक कागद त्यांनी परत मागं उलटला आणि माझा धीर सुटला. मी पिशवीतनं डबा काढून टेबलावर ठेवला.

"साहेब, नळी घालायची तर आजच घाला. लांबवू नका. मी पावडर आणलीय."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्यात. मॅडमनी डबा जवळ ओढला. "हा अजून आहे का? सगळे दिले म्हणालात ना? सील आहे ना याचं?" असं म्हणत त्यांनी झाकण काढलं.

आधी मॅडम शिंकल्या. मग डॉक्टर. मग दारातली नर्स शिंकत शिंकत बाहेर पळाली. मला कसलाच वास येत नव्हता, मी वाकून बघितलं. डबा काठोकाठ भरला होता, लालभडक. मधोमध हिंगाचा खडा.

"चटणी हाय," बायको म्हणाली. "वर्साची केलीय."

कुणालाच काही कळेना. मग तिनंच सांगितलं. मी सुपारी आणायला गेलो तेव्हा तिनं माझ्या पेटीतला सीलबंद डबा काढून हुपरीच्या बाईच्या पिशवीत घातला होता. "त्या सकाळी पेटीची कडी वाजली, ती मला ऐकू आली न्हाय व्हय?" मी वाटण्यासाठी उघडलेल्या दोन डब्यांतला एक तिनं पुसून ठेवला होता. त्यात तांदूळ भरून तो पेटीत ठेवला, माझ्या हाताला वजन लागावं म्हणून. आणि मी शिरोलीला गेलो तेव्हा काकींना हाताशी घेऊन मिरच्या भाजल्या, कांदा-खोबरं परतलं, डंकावर जाऊन चटणी कुटून आणली. तांदूळ काढले आणि चटणी भरली. "रिकामा डबा कसा ठेवायचा?" ती डॉक्टरांना म्हणाली, जणू डॉक्टरांनी तेच विचारलं होतं.

डॉक्टर डोळे पुसत म्हणाले, "मिरच्या भाजताना तुम्ही उभ्या होतात?"

"मग काय, काकी करणार? त्यांना भाजायचं किती ते कळत न्हाय."

"आणि खाल्ली?"

"ताकभाताला चिमूट लावून. जळलं न्हाय. त्याच्यावर जास्त भात गेला."

डॉक्टरांनी कागद बंद केले. नळी नको म्हणाले. महिन्यानं परत यायचं, वजन असंच भरलं पाहिजे, आणि चटणी चिमूटभरच, त्याहून एक कण जास्त नाही. मला म्हणाले, "आणि काका, तुम्ही जरा बसत जा."

परतताना रिक्षात डबा माझ्या मांडीवर होता. मला राग आला होता, फार राग आला होता. एवढे दिवस मी रोज सकाळी काय हातात घेत होतो? तांदूळ आणि चटणी. आणि नळी घालायची वेळ आली असती तर काय? मी तिला तसं विचारलं.

"तर तुमी पळाला असता की पावडर हुडकायला. पळायला तुमाला येतंयच," ती म्हणाली. मग पदर सावरत म्हणाली, "काकी म्हणाल्या, औंदा थोडीच कर, आजारी माणूस. मी म्हटलं, न्हाय. वर्साचीच करणार. वर्सभर मी खाऊ काय मग?"

मी डब्याचं झाकण परत दाबून बसवलं. बोलायला गेलो असतो तर रिक्षावाल्यासमोर शोभा झाली असती.

घरी आल्यावर म्हणाली, बाकीची चटणी बरणीत भरून काकींकडं ठेवलीय, तुमाला कळू नये म्हणून, ती तेवढी आणा. मी समोर गेलो. काकींनी बरणी काढून दिली. मी ती दोन्ही हातांनी उचलली. गच्च भरलेली, वर्षाची. रस्त्याच्या मधोमध मला उभं राहावं लागलं. घरात आलो, बरणी ओट्यावर ठेवली. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं.

"काय झालं?"

"चटणीचा ठसका बसला," मी डोळे पुसत म्हणालो.

"तुमच्या नाकाला?" ती म्हणाली, आणि ताट वाढायला वळली, दोघांचं.